पिस्तुलावरच्या नावामागचा माणूस शोधताना

नाशिकच्या जॅक्सन वधाची हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, अनंत कान्हेरे आणि हातात ‘ब्राउनिंग’. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचे काम केलेल्या चतुर्भुज अमीनच्या पेटीला खोटा तळ होता, त्यात दडवून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आली, हे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही नोंदलेले आहे. हे सगळे पाठ असूनही कित्येक वर्षे माझ्या डोक्यात ‘ब्राउनिंग’ म्हणजे शस्त्राचा एक प्रकार होता, दांडपट्टा किंवा जंबिया असतो तसा. तो कुणी माणूस आहे, कान्हेऱ्यांनी चाप ओढला त्या दिवशी तो हयात होता, चौपन्न वर्षांचा होता, हे मनात आलेच नाही.

जॉन मोझेस ब्राउनिंग, जन्म २३ जानेवारी १८५५, गाव ऑग्डेन, अमेरिकेतले युटा. वडील बंदुका बनवणारे, घराणे मॉर्मन पंथाचे. १८८७ मध्ये चालता धंदा भावांवर सोडून हा गृहस्थ दोन वर्षे जॉर्जियात धर्मप्रचार करत फिरला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधल्या लीएजला, कारखान्याच्या कचेरीतच त्याचा जीव गेला. एवढे कळले आणि जुन्या पिस्तुलांमागच्या रचनाकारांची आयुष्ये कागदांतून शोधायच्या नादाला मी लागलो.

हा नाद कुणालाही करता येतो. त्यासाठी पिस्तूल लागत नाही आणि जर्मन यावेच लागते असेही नाही. इंटरनेट, एक वही आणि चिवटपणा पुरतो. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर टेबलावर पिस्तुलांचे नकाशे पसरलेले बघून भलतेच प्रश्न येतात.

आधी माणूस नेमका ठरवा

नवा माणूस सहसा ब्राउनिंगपासूनच सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. त्याच्या नावावर १२८ पेटंटे, ऑग्डेनच्या जुन्या रेल्वे स्टेशनात त्याचे स्वतंत्र संग्रहालय, वर चरित्रांचा ढीग. तुम्ही जे शोधाल ते कुणीतरी आधीच शोधून ठेवलेले असते. उलट टोकाला व्हिएन्नाचा योझेफ लाउमान. स्वयंचलित, म्हणजे पुढचे काडतूस स्वतः भरणाऱ्या पिस्तुलांवरचे १८९२ च्या सुमाराचे त्याचे काम फार महत्त्वाचे, पण माणसाबद्दल हाती लागते ते मूठभर. पहिल्याच शोधात मूठभर मिळाले की उत्साह मावळतो.

मधले कुणीतरी घ्या. मी या लेखात दोघांना बरोबर घेतो, कारण त्यांना वेगळे काढता येत नाही: ह्यूगो बोर्खार्ट आणि गेओर्ग लूगर. बोर्खार्टने १८९३ मध्ये जे पिस्तूल आणले त्याच्या पाठीवर गुडघ्यासारखा सांधा होता. गोळी सुटली की नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा खटका झटक्याने मिळून मागे सरकत. तोवर गुडघा ताठ असे. थोडे मागे गेल्यावर तो वरच्या दिशेने मोडे, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई, आणि स्प्रिंग गुडघा पुन्हा ताठ करताना पुढचे काडतूस आत ढकले. सगळे उत्तम, फक्त ती स्प्रिंग दस्त्याच्या मागे एका मोठ्या कुबडात बसवलेली होती आणि पिस्तूल हातात धरणे कठीण. लूगरने स्प्रिंग दस्त्यात नेली, दस्ता तिरका केला, कुबड गेले. १९०० मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्याने ते पिस्तूल घेतले, पुढे जर्मन नौदलाने आणि १९०८ मध्ये जर्मन भूदलाने. गुडघा बोर्खार्टचा, नाव लूगरचे. मग या दोघांत कोण किती, हा प्रश्न घेऊन कागदांकडे जायचे.

नावाची यादी करा

हे काम कंटाळवाणे वाटते, पण यात अर्धा तास घातला तर पुढचे कित्येक दिवस वाचतात. मराठीत आपण लुगर, ल्यूगर, लूगर काहीही लिहू. शोधायला रोमन अक्षरेच लागतील, आणि तिथेही नाव एकाच रूपात सापडत नाही. बोर्खार्टच्या शेवटी डी आणि टी दोन्ही आहेत. अमेरिकन कारकून कधी नुसता डी लिहितो, कधी नुसता टी, कधी मधला एच गाळतो. गेओर्गचा इंग्रजी कागदात जॉर्ज होतो. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर, म्हणजे ‘बोर्खार्ट ह्यूगो’. आडनाव आधी लावायची सवय आपल्या शाळेच्या हजेरीपटामुळे आपल्याला आहेच.

वस्तूच्या नावांचीही यादी हवी. जर्मनीत लूगरच्या पिस्तुलाला लोक लूगर म्हणत नसत. सैन्यात ते ‘पिस्टोले ०८’, बाजारात ‘पाराबेलुम’. हा शब्द पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीच्या तारेच्या पत्त्यातला, मुळात एका लॅटिन म्हणीतला: शांतता हवी तर युद्धाची तयारी ठेव. ‘लूगर’ हे नाव रुळवले ते अमेरिकन बाजाराने. त्यामुळे जर्मन वर्तमानपत्रांत लूगर शोधून काही सापडत नाही म्हणून निराश होऊ नका. ‘स्वयंचलित’ या शब्दाचेही तसेच. जर्मनमध्ये ‘सेल्बस्टलाडे’ म्हणजे स्वतः भरणारे, त्याआधी ‘रेपेटियर’. या शब्दाचे स्पेलिंगही जुन्या छपाईत वेगळे असते.

पेटंट वाचायला शिका

पहिला खरा कागद म्हणजे पेटंट. युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पासनेट, गूगल पेटंट्स आणि जर्मन पेटंट कार्यालयाचे डेपाटिसनेट, तिन्ही फुकट आहेत. अडचण अशी की जुन्या जर्मन पेटंटांना या साठ्यांत बहुधा नुसता क्रमांक असतो. नाव घालून शोधले तर ती हाती लागत नाहीत.

म्हणून अमेरिकन पेटंटापासून सुरू करा. बोर्खार्टचे अमेरिकन पेटंट ५७१२६०, तारीख १० नोव्हेंबर १८९६. उघडा आणि नकाशांची पाने सोडून मजकुराच्या माथ्यावर जा. १८९० च्या दशकातल्या पुष्कळ अमेरिकन पेटंटांच्या माथ्यावर बारीक अक्षरात एक ओळ असते: याच शोधाला इतर कोणत्या देशांत, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने पेटंट मिळाले. नवख्याची नजर या ओळीवरून सरळ घसरते आणि खजिना तिथेच असतो. बोर्खार्टचे जर्मन पेटंट ७५८३७, ९ सप्टेंबर १८९३. हा क्रमांक जर्मन साठ्यात टाकला की मूळ कागद समोर येतो.

इथे तारखांचा घोळ होतो. एकजण लिहितो शोध १८९३ चा, दुसरा १८९६ चा, आणि दोघे भांडतात. अमेरिकन पेटंटावर अर्जाची आणि मंजुरीची अशा दोन तारखा असतात, आणि मोठ्या अक्षरात असते ती मंजुरीची. जर्मन पेटंट मात्र ‘अमुक दिवसापासून’ लागू असे म्हणते आणि तो दिवस अर्जाला चिकटून असतो. कोणता शोध आधीचा हे ठरवायचे तर अर्जाची तारीख अर्जाच्याच तारखेशी ताडा. ब्रिटिश पेटंटांची वेगळी गंमत: १९१५ पर्यंत क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू होत, म्हणून वर्षाविना नुसता क्रमांक म्हणजे गल्लीविना घर नंबर. ऑस्ट्रियात १८९९ पूर्वी आजच्या अर्थाचे पेटंटच नव्हते, ‘प्रिविलेगियुम’ मिळे. तो शब्द घातल्याशिवाय व्हिएन्नाचे जुने शोधक सापडणार नाहीत.

पेटंटावरचे नाव हाच शोधक, असे मात्र धरू नका. १८७७ चा जर्मन कायदा पेटंट देई ते अर्ज करणाऱ्याला. मूळ शोधकाचा हक्क तिथल्या कायद्यात आला १९३६ मध्ये. मधल्या साठ वर्षांत मालकाने नोकराचे डोके स्वतःच्या नावावर नोंदवणे सहज चाले. आपल्याकडे ‘माउझर’ म्हणून गाजलेले, कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून ऑगस्ट १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी पळवलेल्या पन्नास पिस्तुलांमुळे इतिहासात गेलेले ते मॉडेल पाउल माउझरच्या नावावर आहे. रचले ते त्याच्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातल्या फीडर्ले बंधूंनी. बेर्गमान पिस्तुलांमागे असाच लुइस श्मायसर उभा आहे. अमेरिकेत शोधकाने स्वतः शपथ घ्यावी असा नियम होता, पण माउझरचे अमेरिकन पेटंटही पाउलच्याच नावावर आहे, तेव्हा शपथेवरही फार विसंबू नये.

याउलट पेटंटाच्या पहिल्या परिच्छेदावर विसंबायला हरकत नाही. तिथे माणूस कोणत्या देशाचा नागरिक आणि राहतो कुठे हे लिहिलेले असते. शोधाबद्दल फुशारकी मारण्यात फायदा असतो, राहत्या गावाबद्दल खोटे बोलण्यात कुणाला काय मिळणार? तीन-चार वर्षांची पेटंटे ओळीने लावली की बदललेल्या घरांचा नकाशा आपोआप तयार होतो.

वही आणि तिचा चौथा रकाना

तारीख, ठिकाण, नोंद, आणि चौथा रकाना: ही नोंद कुणी, कशासाठी केली. पहिले तीन सगळेच करतात. चौथा भरला नाही तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही की ‘१८७५ मध्ये अमेरिकन नागरिक’ हे सरकारी कागदातून आले की कुठल्या कॅटलॉगच्या प्रस्तावनेतून.

बोर्खार्टचा सांगाडा असा दिसतो. १८४४, माग्डेबुर्ग. १८६० च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, अमेरिका. १८७५, नागरिकत्व. पुढे शार्प्स रायफल कंपनी, १८७८ ची शार्प्स-बोर्खार्ट रायफल. मग बुडापेस्टचा शस्त्रकारखाना. मग बर्लिनची लुडविग ल्योवे कंपनी आणि ते पिस्तूल. ८ मे १९२४, बर्लिनमध्ये मृत्यू. शार्प्सनंतर माणूस एकदम हंगेरीत का जातो? उत्तर त्याच्या चरित्रात शोधू नका, कारखान्याच्या इतिहासात शोधा. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टची शार्प्स कंपनी १८८१ मध्ये बंद पडली. या लोकांचे आयुष्य कारखान्यांच्या भरतीओहोटीवर हलत असे. त्यामुळे वहीत एक पान माणसासाठी असेल तर समोरचे पान त्याच्या कंपनीसाठी ठेवा.

लूगरचा सांगाडा भूगोलाने चकवतो. जन्म ६ मार्च १८४९, टायरॉलमधले श्टाइनाख आम ब्रेनर. वडील डॉक्टर, पुढे पादुआला शिकवायला गेले, मुलगा तिथे शिकला. आजचा नकाशा समोर ठेवून कुणीतरी लिहितो की ऑस्ट्रियन मुलगा परदेशात, इटलीत शिकला. पादुआ १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्याच अमलाखाली होते, तेव्हा परदेश कसला! तसेच ऑस्ट्रियन शस्त्ररचनाकार मानलिखरचे. जन्मगाव ब्र्युक्स शोधाल तर नकाशावर मिळणार नाही, कारण ते आज चेक प्रजासत्ताकातले मोस्त आहे. वहीत गावाची दोन्ही नावे लिहा.

वर्तमानपत्रे आणि तीन बोर्खार्ट

ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘आनो’ साठा, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’, युटाची डिजिटल वर्तमानपत्रे, हंगेरीचे ‘हुंगारिकाना’ आणि डिंगलरचे जर्मन तंत्रविषयक नियतकालिक. सगळे घरबसल्या आणि फुकट.

बर्लिनच्या वर्तमानपत्रांत बोर्खार्ट शोधायला लागलो तेव्हा पहिल्या संध्याकाळी शेकडो नोंदी आल्या आणि मी हरखलो. दुसऱ्या संध्याकाळी कळले की त्यातल्या बऱ्याचशा फ्रान्झ्योझिशे श्ट्रासवरच्या उंची दारू आणि खाद्यपदार्थांच्या प्रसिद्ध बोर्खार्ट पेढीच्या जाहिराती होत्या. त्या गाळल्या तर उरले इजिप्तचे अभ्यासक लुडविग बोर्खार्ट, ज्यांच्या पथकाला १९१२ मध्ये नेफर्टिटीचा अर्धपुतळा सापडला. आमचा ह्यूगो या दोघांच्या गर्दीत कुठेतरी कोपऱ्यात. तेव्हापासून मी आडनावाबरोबर ‘पिस्टोले’ किंवा ‘ल्योवे’ हा शब्द जोडल्याशिवाय शोधत नाही.

जुनी जर्मन छपाई ‘फ्राक्टुर’ वळणाची असते, आणि ती वाचताना संगणक आपल्यापेक्षा जास्त गोंधळतो. त्यात मोठा बी आणि मोठा व्ही जवळपास जुळे, त्यामुळे बोर्खार्टचा ‘फोर्खार्ट’ होतो. लांब एस हा एफसारखा दिसतो. एन आणि यू एकमेकांची जागा घेतात. ही चुकीची रूपे मुद्दाम घालून शोधा, कधीकधी तिथेच मासा लागतो. हस्ताक्षर ‘कुरेंट’ लिपीतले असेल तर ते मोडीसारखे समजा: आधी वर्णमाला समोर ठेवून आपले स्वतःचे नाव लिहून बघायचे, मग दुसऱ्याचे वाचायचे. मोडी शिकलेल्यांना हे लवकर जमते, कारण अक्षर न लागल्यास पुढच्या-मागच्या शब्दांवरून अंदाज बांधायची सवय त्यांना असते. ट्रान्सक्रिबस नावाचे साधनही मदत करते, पण त्याचे वाचन मूळ पानाशी ताडून पाहा.

इंग्रज शोधकांसाठी एक जागा लोक विसरतात: लंडन गॅझेट. तिथे दिवाळखोरीच्या सूचना छापत. ह्यू गॅबेट-फेअरफॅक्सने ‘मार्स’ नावाचे दांडगे पिस्तूल बनवले, फार तर ऐंशीएक तयार झाली, आणि १९०२ मध्ये तो बुडाला. यशस्वी माणसाबद्दल कंपनीचे जाहिरातदार लिहितात, बुडालेल्याबद्दल कोर्टाचा कारकून. कारकुनाचे वाक्य रुक्ष असते, पण त्यात धंदा, पत्ता, तारीख सगळे मिळते. मला तरी कारकून जास्त भरवशाचा वाटतो.

गोष्ट फार सुबक असेल तर थांबा

बोर्खार्टला पिस्तूल आटोपशीर करायला सांगितले, तो म्हणाला माझ्या रचनेत सुधारणेला जागाच नाही, म्हणून काम लूगरकडे गेले. ही गोष्ट तुम्हाला दहा ठिकाणी भेटेल. ती इतकी बेतशीर आहे की मला खटकते. अशा वेळी पद्धत ठरलेली: दहाही ठिकाणांतले सर्वांत जुने कोणते, ते कोणत्या वर्षीचे, लिहिणारा या दोघांपैकी कुणाला भेटलेला होता का. त्या काळच्या कागदांतून मात्र वेगळे काहीतरी दिसते. नोव्हेंबर १८९४ मध्ये अमेरिकेत न्यूपोर्टला नौदलाच्या समितीपुढे बोर्खार्टचे पिस्तूल चालवून दाखवले ते लूगरने. म्हणजे स्वतःचे पिस्तूल काढण्याआधी तो वर्षानुवर्षे दुसऱ्याचे पिस्तूल हाताळत, अधिकाऱ्यांच्या कुरबुरी ऐकत हिंडत होता. कुबड कुठे खुपते हे त्याला कुणी सांगायला नको होते.

दुसरे उदाहरण सारायेव्होचे. १९१४ मध्ये तिथे ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारणाऱ्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात ब्राउनिंगचे १९०० चे मॉडेल होते असे अजून छापले जाते. पिस्तूल व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे आणि ते १९१० चे मॉडेल आहे. एकाने चुकीचे लिहिले, बाकीच्यांनी उतरवून घेतले.

शेवटी घर आणि कुटुंब

बर्लिनची जुनी पत्तापुस्तके शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहेत. आडनावाखाली माणूस, धंदा, रस्ता, मजला. एक खाच लक्षात ठेवा: शार्लोटेनबुर्ग १९२० पर्यंत वेगळे शहर होते, त्यामुळे तिथला रहिवासी बर्लिनच्या मुख्य यादीत न सापडता उपनगरांच्या भागात सापडतो. धंद्याचा शब्द दर वर्षी वाचा. ‘इंजेनिअर’चा ‘डिरेक्टर’ झाला की बढती, ‘रेंटनर’ झाला की माणूस आता साठवलेल्या पैशावर जगतो आहे.

जन्म-मृत्यूसाठी प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून सरकारी नोंदणी, त्याआधी चर्च. टायरॉलची चर्च-पुस्तके ‘माट्रिकेन टिरोल’वर पाहता येतात, लूगरचे श्टाइनाख त्यातच येते. माग्डेबुर्गसारख्या प्रोटेस्टंट भागासाठी ‘आर्खिऑन’ आहे, पण तिथे पैसे पडतात. जर्मन कायद्याप्रमाणे जन्माची नोंद ११० वर्षांनी, लग्नाची ८० वर्षांनी, मृत्यूची ३० वर्षांनी खुली होते. म्हणजे बोर्खार्ट आणि लूगर या दोघांच्याही मृत्यूच्या नोंदी केव्हाच खुल्या झाल्या. लूगर वारला २२ डिसेंबर १९२३ रोजी, शोनआइखे गावातल्या फिख्टेनाउ वस्तीत. हे गाव बर्लिनला खेटून असले तरी ब्रांडेनबुर्गमध्ये मोडते, त्यामुळे बर्लिनच्या अभिलेखागाराला पत्र लिहून उपयोग नाही. गाव आधी नक्की करा, मग कचेरी. पत्र जर्मनमध्ये, चार ओळींचे, एकाच नोंदीबद्दल, शुल्क भरायची तयारी आहे असे सांगणारे. लांबलचक कौतुकाच्या पत्राला उत्तर उशिरा येते.

पत्तापुस्तकातला माणूस एखाद्या वर्षी नाहीसा होतो. तेव्हा पान लगेच बंद करू नका, त्याच आडनावाखाली बायकांची नावे पाहा. नावापुढे ‘डब्ल्यू डब्ल्यू’ अशी दोन अक्षरे आणि तोच रस्ता, तोच घर नंबर असेल तर ती ‘विटवे’, विधवा. तिचे पहिले नाव आणि कधीकधी तिचे माहेरचे आडनावही त्याच ओळीत असते. ते वहीत नव्या पानावर उतरवा आणि त्या आडनावापासून पुन्हा सुरुवात करा.